तिसऱ्या अंकातलं पद

९ जानेवारी

मालकीणबाई,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस का? मी शिपाई. शिपाई म्हटलं की बाकी जगाला फायली नेणारा माणूस आठवतो. तुला तरी आपल्या नाटकातला, कमरेला लाकडी तलवार लावून तुझ्या सराईत उतरणारा शिपाई आठवेल, या भरवशावर लिहितोय.

तुझा पत्ता मेकअपवाल्या काकांच्या मुलीने दिला. काका गेले. आपल्या कंपनीतलं आता कोण उरलंय म्हणून मोजायला बसलो, तर एका हाताची बोटं पुरली आणि वर अंगठा शिल्लक राहिला.

बातमी अशी की आपल्या नाटकावरचा तो सिनेमा कुणीतरी शोधून काढला. फिल्मला बुरशी लागली होती. दोन वर्षं खपून त्यांनी ती साफ केली आणि आता वीस मार्चला, दुपारी चारला, मोठ्या पडद्यावर दाखवणार आहेत. एकेचाळीस वर्षांनी! दिग्दर्शक नाहीत, त्यात तुझी भूमिका केलेली नटीही नाही. उरलो मी. म्हणून सिनेमा संपल्यावर मला स्टेजवर बसवून प्रश्न विचारणार आहेत. वासरांत लंगडी गाय शहाणी, दुसरं काय!

पण सहाशे प्रयोग ते नाटक उभं ठेवलं ते तू. तू समोर बसलेली असावीस असं फार वाटतं. येशील? हॉल तुझ्या गावातच आहे, तुला काही लांब नाही. प्रवास करायचाय तो मला, तोही या गुडघ्यांनी.

बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा-सून बरे आहेत. तुझा फोन नंबर कळव. इतक्या वर्षांचं पत्रात मावायचं नाही.

तुझा,
शिपाई


२१ जानेवारी

शिपाई यांस,

पत्र मिळालं. अक्षर ओळखलं. तुमचा 'ळ' अजून मांडी घालून बसल्यासारखा दिसतो.

मी भाच्याकडे राहते. वरच्या मजल्यावर एक खोली आहे, खाली शिंप्याचं दुकान. दिवसभर मशीन चालतं. मला त्या आवाजाची सोबत होते.

माझं म्हणाल तर सिनेमा लागला आणि दोन महिन्यांत आपल्या प्रयोगाला तीन रांगा उरल्या. लोकांना तीच गोष्ट बारा महिने, कधीही बघायला मिळायला लागली. नाटकाला कोण येणार? तुम्ही तोवर कंपनी सोडली होती, म्हणून तुम्हाला त्या रिकाम्या खुर्च्या दिसल्या नाहीत. पुढे कंपनीच्या मालकांनी ऑर्गन मुलींच्या शाळेला देऊन टाकला, आणि ऑर्गनबरोबर मीही गेले. सव्वीस वर्षं गाणं शिकवलं. तिथल्या मुली फार गुणी होत्या. दोघी-तिघी अजून येतात.

सिनेमा मी पाहिलेला नाही. कार्यक्रमाला येईन असं वाटत नाही.

फोन नंबर देत नाही. लिहायचं असेल तर पत्र लिहा. मला पत्रच बरं पडतं.

तुमच्या पत्नी गेल्याचं वाचून वाईट वाटलं. गुडघ्यांना जपा.

— मालकीण


३० जानेवारी

मालकीणबाई,

तुम्ही, तुम्हाला, तुमच्या! एवढ्याशा पत्रात किती वेळा! विंगेत एका बशीत चहा ओतून प्यायलेली माणसं आपण. नऊ वर्षं मला "अरे मेल्या, एंट्री आली" म्हणून पाठीत धपाटा घालून स्टेजवर ढकलायचीस, आणि आता 'शिपाई यांस'?

राग आहे तुझा. असणारच. मी कंपनी सोडून सिनेमात गेलो, मागे वळून पाहिलं नाही. रागाव, पण फोनवर रागाव. तुझा आवाज ऐकायचाय मला. शिवी दिलीस तरी चालेल, ती सुरातच येईल.

आणि ऐक, मी एक आगाऊपणा करून बसलोय. आयोजकांना म्हटलं, मूळ नाटकातली नायिका याच गावात आहे. ती पोरं वेडीच झाली. त्यांची इच्छा अशी की सिनेमा संपला की तू तिसऱ्या अंकातल्या निरोपाच्या पदाच्या दोन ओळी म्हणायच्या. बसूनच म्हण. साथीला पेटी ठेवतील. मी तुझ्या वतीने होकार देऊन टाकला आणि त्यांनी कार्यक्रमपत्रिकेत छापूनही टाकलं. पट्टी थोडी खाली आली असेल वयाने, त्याचं काय एवढं? तुझ्या दोन ओळी ऐकल्यावर त्या हॉलला कळेल की सिनेमात काय नव्हतं.

नाही म्हणू नकोस.

शिपाई


१० फेब्रुवारी

शिपाई,

पत्रिकेतून माझं नाव काढायला सांग. आधी ते काम कर, मग पुढचं वाच.

राग नाही रे. गळा नाही.

अडीच वर्षांपूर्वी गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. आता मानेच्या खालच्या खळग्यात एक भोक आहे, तिथून श्वास घेते. त्यावर पातळ रुमाल बांधते. फोन उचलला तर तुला नुसता वारा ऐकू येईल. म्हणून नंबर दिला नाही. तुला सांगायचंही नव्हतं. तुझ्या कानात जो आवाज आहे तो तसाच राहू द्यावा, एवढी एकच हौस होती. ती तू छापून घालवलीस.

आता सगळं बोलणं वहीवर. भाचेसुनेशी भांडणसुद्धा. ती तोंडाने भांडते, मी लिहून. त्यामुळे ती कायम दोन वाक्यं पुढे असते आणि माझं उत्तर तयार होतं तोवर तिचा राग गेलेला असतो. घरात शांतता आहे ती त्यामुळेच. मुली येतात त्यांना पेटीवर बोटांनी दाखवते. चुकल्या की टेबलावर टिचकी मारते.

दया दाखवू नकोस, मला ती चालत नाही. त्यापेक्षा एका गोष्टीचं उत्तर दे.

सिनेमासाठी दिग्दर्शक आपला प्रयोग बघायला आले होते. आठ दिवसांनी मला बोलावून म्हणाले, "बाई, तुमचा चेहरा रंगमंचाचा आहे. पडद्यावर फार मोठा होईल. नाक, जबडा, सगळं अंगावर येतं." फार सभ्यपणे म्हणाले. मी मान हलवून घरी आले.

त्या दिवसापासून मी फोटो काढून घेतलेला नाही. शाळेच्या सव्वीस वर्षांच्या सव्वीस फोटोंत मी ऑर्गनच्या मागे. भावाने दोनदा लग्नाचं काढलं, दोन्ही वेळा मुलाकडच्यांनी फोटो मागितला, मी दिला नाही. भाऊ म्हणाला, "तुला लग्नच करायचं नाहीये." मी म्हटलं, तसं समज. त्याला कसं सांगायचं की माझा चेहरा माणसांच्या अंगावर येतो? रंग लावला तर मी आरशात बघू शकायचे, रंग उतरवला की नाही.

आता अडुसष्ट वर्षांची झाले. नाकाजबड्याचं आता कुणाला काय? तरी विचारते. तू रोज हाताच्या अंतरावरून बघत होतास. खरं सांग, इतका वाईट होता का रे तो?

— मालकीण


२७ फेब्रुवारी

मालकीण,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. हे पाचवं. हे मी सुनेच्या हाती देऊन टाकणार आहे, म्हणजे परत फाडता येणार नाही.

तुझ्या चेहऱ्यात काही नव्हतं. म्हणजे, काही वाईट नव्हतं.

त्या दिवशी दुपारचा प्रयोग संपला होता. तू पलीकडच्या खोलीत अंबाड्याच्या पिना काढत गुणगुणत होतीस. मी तोंड पुसत होतो. दिग्दर्शक आत आले, दार लोटून घेतलं आणि तुझे दोन-तीन फोटो माझ्यापुढे टेबलावर ठेवले. म्हणाले, "चेहरा बघा. कॅमेऱ्यासाठी घडवलाय जसा. बाईंना घ्यायचं मी नक्की केलंय. तुम्ही रोजचे सोबती, म्हणून विचारतो. काही अडचण?"

मी म्हटलं, "अडचण नाही. फक्त आवाज पूर्वीसारखा राहिला नाही त्यांचा. वर गेला की चिरतो. निभावतात बिचाऱ्या कशातरी."

ते म्हणाले, "पण आज तर..."

मी म्हटलं, "आज लागला."

दाराच्या पलीकडे तू गुणगुणतच होतीस, मालकीण. ते ऐकत ऐकत मी हे बोललो. आणि वर त्यांना विनंती केली, "मी बोललो हे त्यांना कळू देऊ नका." त्यांनी शब्द पाळला. तुला गाण्याचं लागेल, त्यापेक्षा चेहऱ्याचं निमित्त बरं, असं त्यांना वाटलं असणार. ते निमित्त तू आयुष्यभर घेऊन बसशील हे त्यांच्या स्वप्नातही नसेल. माझ्याही नव्हतं.

का बोललो? नऊ वर्षं वन्समोअर तुझ्या पदाला. प्रयोग सुटला की लोक मला ओलांडून तुझ्याकडे यायचे. एकदा एका म्हाताऱ्याने माझा खांदा धरून बाजूला केलं, तुझ्या पाया पडायला. मला वाटलं, एकदा तरी, एका ठिकाणी तरी मी पुढे असावं. इतकंच. इतक्याशासाठी.

तुझ्या भावाला भेटायला येणार होतो, हेही तुला आठवत असेल. त्या दुपारनंतर कुठल्या तोंडाने येणार होतो?

तुझा आवाज गेला असं मी खोटं बोललो, आणि तू लिहितेस की गळा नाही. ते वाचून मी दोन दिवस जेवलो नाही. पण न जेवून काय होतं?

मी एक करणार आहे. वीस तारखेला स्टेजवर मला विचारतीलच की तू सिनेमात का नव्हतीस. तेव्हा सगळ्यांसमोर, माइकवर, जे झालं ते सांगणार आहे. तुझं नाव पत्रिकेतून काढायला लावलंय. पण खरं काय ते त्या हॉलमधून बाहेर जाईल, हा माझा शब्द.

शिपाई


८ मार्च

शिपाई,

पत्र तीनदा वाचलं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा भाचेसून आत आली, म्हणाली, "आत्या, काय झालं?" मी वहीत लिहायला घेतलं आणि काय लिहायचं ते सुचेना. आवाज होता तेव्हा निदान ओरडता आलं असतं. या भोकातून रडूसुद्धा नीट येत नाही रे, नुसता खोकला येतो. तिला वाटलं श्वास अडकला, ती धावपळ करायला लागली.

मग आरशासमोर बसले. अडुसष्टाव्या वर्षी. शोधत होते तो चेहरा. तो आता तिथे नाही.

तुला माफ केलं असं लिहायला घेतलं होतं. खोडलं. केलं की नाही मलाच माहीत नाही.

वीस तारखेला येईन की नाही ते माहीत नाही. पण तू सांग. मी समोर असो वा नसो, सांग. आजवर तुझ्याकडे मी काही मागितलं नाही, हे मागते.

— मालकीण


२४ मार्च

मालकीण,

कार्यक्रम झाला. हॉल भरला होता, तीनशेच्या वर माणसं. मी पहिल्यापासून तुला शोधत होतो. दिसली नाहीस. आली नाहीस ते तब्येतीमुळेच, असं मी धरून चाललोय.

सिनेमा स्वच्छ दिसतो. स्वतःला तेहतिसाव्या वर्षी बघणं ही काही चांगली गोष्ट नाही.

तुझा विषय निघाला. मी बोललो. वेळ फार थोडा दिला होता, आणि माइक दर दोन मिनिटांनी दुसऱ्याच्या हातात. पण तुझ्याबद्दल जे बोलायला हवं होतं ते योग्य शब्दांत बोललो. लोकांना भरून आलं. बऱ्याच जणांनी नंतर येऊन तुझी चौकशी केली. मनावरचं ओझं उतरलं.

आता महिन्यातून एक पत्र तरी लिहीत जा.

तुझा,
शिपाई


२ एप्रिल

शिपाई,

आठवी रांग, उजवीकडून तिसरी खुर्ची. शेजारी भाचेसून.

दारात तिला माझा फोटो काढायचा होता. मला आता सगळं माहीत असून हात आपोआप तोंडासमोर आला. तिने हट्ट केला नाही.

तू स्टेजवरून रांगांवर नजर फिरवलीस ती माझ्यावरूनही गेली. थांबली नाही. त्याचं मला काही नाही. एकेचाळीस वर्षं झाली आणि गळ्याला रुमाल होता.

आधी सिनेमाचं सांगते. मला तो वाईट निघायला हवा होता. शाळेतल्या बायका म्हणायच्या, "नाटकाची सर नाही हो त्याला," आणि मी वर्षानुवर्षं त्या एका वाक्यावर उशी करून झोपले. पण तो चांगला आहे. ती नटीही चांगली आहे. तिने पाणी ओतताना घागर कमरेवर टेकवली, मला हे सहाशे प्रयोगांत सुचलं नव्हतं. उसन्या आवाजावर ओठ हलवते, पण मनापासून हलवते. तिच्यावर रागावता येईना.

मग तिसऱ्या अंकातलं पद आलं. आपल्या नाटकात त्या वेळी तू प्रेक्षकांकडे पाठ करून माझ्यासमोर उभा असायचास. लोकांना तुझी पाठ दिसायची आणि चेहरा फक्त मला. पहिल्या कडव्याला तू ओठ आवळून धरायचास, दुसऱ्याला डोळे भरायचे, आणि शेवटच्या ओळीला मान किंचित हलवायचास, "नको जाऊ देऊस मला" असं म्हटल्यासारखी. प्रेक्षकांना हे दिसत नाही, मग हा कुणासाठी करतो? माझ्यासाठीच करतो, असं मी धरून चालले होते. तू भावाकडे आला नाहीस, कंपनी सोडलीस, दुसरीशी लग्न केलंस, तरी तेवढी एक गोष्ट माझी होती. ती मी कुणाला सांगितली नव्हती.

सिनेमात कॅमेरा तुझ्या तोंडासमोर ठेवलाय. पहिल्या कडव्याला ओठ. दुसऱ्याला डोळे. शेवटी मान. तस्संच, सगळं. तिच्यासमोर, दुसऱ्याच कुणाच्या आवाजावर.

तू फार चांगला नट आहेस रे. हे मला आत्ता कळलं.

तरी मी बसून राहिले, कारण तू शब्द दिला होतास. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने सरळ विचारलं, "मूळ नाटकातल्या बाई सिनेमात का नव्हत्या?" तू पाण्याचा घोट घेतलास. ग्लास खाली ठेवायला तुला फार वेळ लागला. मी खुर्चीचा हात धरून होते. आणि तू म्हणालास, "फार मोठी गायिका. पण दैव बघा, त्यांचा आवाज तेव्हाच जायला लागला होता. आणि आता तर ऑपरेशन होऊन पूर्णच गेला. नियती, दुसरं काय!"

लोक हळहळले. कुणीतरी "अरेरे" म्हणालं. भाचेसून उठायला लागली, मी तिचा पदर धरून खाली बसवलं. तिचं तोंड लाल झालं होतं. तिच्याकडे आवाज आहे ना.

माझं दुखणं मी तुला एकट्याला लिहिलं होतं. ते तू तुझ्या खोट्याला पुरावा म्हणून लावलंस. पहिल्या वेळी तू तेहतीस वर्षांचा होतास, हावरा होतास, मी समजू शकते. या वेळी तुला कोणती भूमिका मिळायची होती?

दिवे लागल्यावर माझ्या डाव्या हाताची बाई डोळे पुसत माझ्याकडे वळली. साधीशी होती, शिक्षिका असावी. म्हणाली, "तुम्ही नाटक पाहिलं होतं का हो?" मी मान हलवली. "कशा गायच्या त्या? आवाज तेव्हाच गेला होता ना बिचारीचा?"

मी पिशवीतून वही काढली. अक्षरं पोरीसोरींसारखी मोठी आली. लिहिलं, "नाही. शेवटच्या प्रयोगापर्यंत आवाज शाबूत होता. ते खोटं बोलले. मी तिथे होते."

तिने वाचलं. माझ्या गळ्यातल्या रुमालाकडे बघितलं, मग तोंडाकडे. मी हात वर नेला नाही. तिने वहीचं ते पान माझ्याकडे मागितलं, मी फाडून दिलं, आणि तिने ते घडी करून पर्समध्ये ठेवलं.

तीनशेंच्या वर माणसं होती म्हणतोस. त्यातल्या एकीला खरं माहीत आहे.

याचं उत्तर लिहू नकोस. आलं तर न फोडता परत पाठव, असं भाचेसुनेला सांगून ठेवलंय.

— मालकीण